अडीच इंचांचं अंतर

कार्ड हातात घ्या. पोस्टकार्डापेक्षा जरा लांबट, जाड पुठ्ठ्याचं. त्यावर एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेत. चिकटवणाऱ्यानं चुकून तोच फोटो दोनदा लावला, असं वाटेल. नीट बघा. डावीकडच्या फोटोत खुर्चीच्या पाठीनं भिंतीवरचा डाग झाकलाय, उजवीकडच्यात तोच डाग चिमूटभर बाहेर डोकावतोय. फरक एवढाच. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंचांचं अंतर असतं. हा त्या अडीच इंचांचा फरक.

आता कार्ड या दोन भिंगांच्या चौकटीत सरकवा आणि चौकट डोळ्यांसमोर धरा. सुरुवातीला दोन चित्रं एकमेकांवरून घसरतील, डोळे कुरकुर करतील. जोर लावू नका. घाटात गाडी थांबल्यावर समोरच्या डोंगरावर नजर जशी सैल सुटते, तशी सोडा. एक, दोन, तीन... झालं. खुर्ची पुढे आली, भिंत मागे गेली, मधल्या जागेत हवा भरली. लहानपणी घरात व्ह्यूमास्टर असेल तर ही जादू तुम्हाला ठाऊक आहे. खटका दाबायचा आणि बसल्या जागी दुसऱ्या गावात जाऊन उभं राहायचं.

या चौकटीचं नाव 'आउल', म्हणजे घुबड. तिचा आराखडा ज्यानं काढला त्याचा मूळ धंदा गिटार वाजवण्याचा. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक, ब्रायन मे. आज त्यानंच घडवलेल्या घुबडाच्या डोळ्यांनी त्याच्याच आयुष्यात शिरायचंय. नियम दोनच. जिथे कॅमेरा उभा होता (किंवा असायला हवा होता) तिथेच तुम्ही उभे राहणार. आणि कशाला हात लावायचा नाही. ऐकू मात्र येईल. तेवढी सवलत मी लेखकाच्या हक्कानं परस्पर घेतोय.

तुम्ही एका स्वयंपाकघरात आहात. पश्चिम लंडनमधलं फेल्टम, १९५०च्या दशकाची अखेर. हीथ्रोवर उतरणारं विमान छपरावरून गेलं की फडताळातल्या बशा किणकिणतात. टेबलाशी एक काटकुळा मुलगा बसलाय. दूध निवत चाललंय, पण त्याचा हात वीटाबिक्सच्या खोक्यात कोपरापर्यंत गेलाय. हात बाहेर येतो तो एक छोटं कार्ड घेऊन. प्राण्याचं चित्र, दोनदा छापलेलं. मुलगा ते पोस्टानं मागवलेल्या प्लॅस्टिकच्या चष्म्यात अडकवतो, डोळ्यांना लावतो आणि एकदम गप्प होतो. तो कुठे गेलाय हे तुम्हाला कळतं, कारण तुम्हीही आत्ता तिथूनच आलात.

अशी कार्डं जमवणारी मुलं इंग्लंडभर होती. या मुलाला मात्र युक्ती हवी होती. ती त्याला लवकरच सापडते. त्याच्या मागोमाग चला. साधा कॅमेरा, एकाच भिंगाचा. मुलगा पाय फाकून उभा राहतो, भार डाव्या पायावर टाकतो, खटका. फिल्म पुढे सरकवतो, भार उजव्या पायावर घेतो, पुन्हा खटका. शरीर दोनचार इंच झुललं, बस. समोरचं हललं नाही तर या दोन फोटोंतून अख्खं त्रिमित दृश्य उभं राहतं. डावा पाय, उजवा पाय. ही हालचाल लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कार्ड बदला. १९६३चा ऑगस्ट. तेच घर, पण एका खोलीचं सुतारखान्यात रूपांतर झालंय. लाकडाचा भुसा नाकात जातो. सोळा वर्षांचा ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड टेबलावर वाकलेत. हॅरॉल्ड विमान खात्यात ड्राफ्ट्समन, विजेच्या उपकरणांतले जाणकार. पोराला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे आणि दुकानातली फेंडर परवडत नाही. मग घरीच करायची, असं ठरलंय. मराठी मध्यमवर्गात वाढलेल्या कुणालाही हा संवाद ओळखीचा वाटेल, फक्त आपल्याकडे तो बहुधा "कशाला हवी गिटार?" इथेच संपला असता.

थोडं जवळ जा. गिटारची मान ज्या महोगनीतून निघतेय ती एका जुन्या शेकोटीवरची फळी होती. शंभर वर्षांचं लाकूड, किड्यांनी पोखरलेलं. ब्रायन एकेका भोकात काडेपेटीची काडी ठोकून ते बुजवतोय. मधला ठोकळा जुन्या टेबलाच्या ओकचा. पडद्यांवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं कापून घासलीत. सूर थरथरवायची दांडी सायकलच्या पिशवीच्या कडीची, तिच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. आणि ती दांडी ज्या यंत्रणेवर झुलते ती सुरीच्या धारेवर तोललेली आहे, तारांचा ताण पेलायला खाली जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. तारा ओढून सोडल्या तरी सूर जागेवर परत यावा, यासाठी बापलेक घर्षण कमी कसं करायचं याचा हिशेब मांडत बसलेत. सुमारे दोन वर्षं हे चाललं. खर्च आठेक पौंड, असं सांगतात.

या गिटारचं नाव पुढे रेड स्पेशल पडलं. जगातल्या बड्या रॉक वादकांकडे गिटारांचे कारखाने असतात. या माणसानं साठ वर्षं मुख्यतः घरी केलेली एकच गिटार वाजवली. वाजवायला नखीही दुकानातली नाही. सहा पेन्सचं नाणं. प्लॅस्टिकची नखी तारेवर वाकते, नाणं वाकत नाही. त्यामुळे तारेचा प्रत्येक नकार-होकार थेट बोटांना कळतो. शिवाय नाण्याच्या कडेला दाते असतात. ते तारेवर किंचित खरवडले की सुराच्या सुरुवातीला एक बारीक खरखर येते, व्यंजनासारखी. त्याची गिटार बोलते असं लोक म्हणतात, त्यात या दात्यांचा मोठा वाटा आहे.

इथे वाट थोडी वाकडी करू. त्याच सुमाराला दुसरीकडे काय चाललं होतं ते बघायला हवं, आणि ते दुसरीकडे म्हणजे आपल्याच घरात.

पाचगणी. सिल्व्हर ओकच्या रांगा, लाल मातीचा रस्ता, टेबललँडवरून उतरणारं धुकं. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात झांजिबारहून आलेला एक पारशी मुलगा राहतो, फारुख बलसारा. मित्रांनी त्याचं फ्रेडी करून टाकलंय. तो पियानो शिकतोय, शाळेतल्याच मुलांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये वाजवतोय. या दृश्याचं दोन फोटोंचं कार्ड नाही. म्हणून तुम्हाला ते एकाच डोळ्यानं बघावं लागतंय, सपाट, कॅलेंडरवरच्या चित्रासारखं. महाबळेश्वरला जाताना आपण त्या शाळेवरून कितीदा गेलो असू. स्ट्रॉबेरीसाठी गाडी थांबवली, यासाठी नाही.

१९६४मध्ये झांजिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब पळून इंग्लंडला आलं. राहायला कुठे, तर फेल्टमला. मे यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका घरात शेकोटीच्या फळीची गिटार होतेय, पलीकडच्या गल्लीत पाचगणीत पियानो शिकलेला मुलगा नव्या देशात रुळू बघतोय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. डावा फोटो आणि उजवा फोटो, अजून एका कार्डावर चिकटवायचे राहिलेले. ते चिकटायला आणखी काही वर्षं, एक कला महाविद्यालय आणि एक सामाईक मित्र लागला. १९७०मध्ये क्वीन सुरू झाला.

आता स्वेटर घाला. १९७१, स्पेनच्या ताब्यातलं तेनेरिफे बेट, सुमारे २,४०० मीटर उंचीवरची वेधशाळा. ढग तुमच्या पायाखाली आहेत. पहाट व्हायला अवकाश आहे आणि पूर्वेला क्षितिजावरून एक फिकट, शंकूसारखा उजेड वर चढतोय. ही पहाट नव्हे. मराठीत याला राशिप्रकाश म्हणतात. ग्रहांच्या पातळीत सूर्याभोवती पसरलेली बारीक धूळ, तिच्यावरून परतलेलं हे ऊन. इंपीरियल कॉलेजचा विद्यार्थी ब्रायन मे ही धूळ कुठल्या वेगानं, कुठल्या दिशेला जातेय ते मोजायला आलाय. त्याच्या यंत्राच्या पोटात दोन काचा समोरासमोर, एकमेकींना समांतर ठेवल्यात. मधल्या बारीक फटीत प्रकाश मागेपुढे उसळतो आणि त्याच्या वर्णपटातली एखादी रेषा केसाएवढी सरकली असेल तरी ते समजतं. धूळ आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्याकडे सरकते, दूर जात असेल तर लालीकडे.

बघितलंत? पुन्हा तेच. दोन जवळजवळ सारख्या गोष्टी आणि त्यांतली सरक. मला तरी या माणसाच्या सगळ्या उद्योगांत हीच एक गोष्ट दिसते. गिटार, धूळ आणि फोटो हे तीन छंद आहेत असं म्हणणाऱ्यांनी त्याला तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंय. खरं तर 'स्टिरिओ' हा शब्दच दोन्हीकडचा. मूळ ग्रीक, अर्थ घन, भरीव. कानांना दोन बाजूंनी ऐकवलं की आवाज भरीव होतो, डोळ्यांना दोन बाजूंनी दाखवलं की चित्र भरीव होतं.

प्रबंध अर्धा राहिला. बँड पळायला लागला होता.

हे कार्ड सांभाळून धरा, आवाज मोठा आहे. २४ डिसेंबर १९७५, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. नाताळची पूर्वसंध्या. बीबीसी कार्यक्रम थेट दाखवतेय आणि बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. तुम्ही मंचाच्या अगदी खाली, व्हॉक्स कंपनीच्या अँप्लिफायरांच्या भिंतीसमोर उभे आहात. पाचगणीचा मुलगा आत गेलाय. मंचावर आता एकटा उंच, कुरळ्या केसांचा माणूस आणि शेकोटीची फळी.

'ब्रायटन रॉक'मधला एकल भाग सुरू होतो. तो एक छोटा तुकडा वाजवतो आणि थांबतो. तुकडा डावीकडच्या अँप्लिफायरमधून गेला होता. थोड्या वेळानं तोच उजवीकडून परत येतो. मध्ये चुंबकी फितीचं यंत्र आहे, त्यानं तो धरून ठेवला होता. परतणाऱ्या सुरावर तो वरचा सूर लावतो. आता हे दोन्ही पुन्हा फिरून येतात, तिसरा त्यावर चढतो. एक माणूस, एक गिटार आणि तीन गिटारांची संगती. आपल्याकडे कीर्तनात बुवा ओळ सोडतात आणि मागचे टाळकरी ती उचलून धरतात, त्या आधारावर बुवा पुढची तान घेतात. इथे टाळकरीही तोच आणि बुवाही तोच. टाळकऱ्यांना थोडा उशीर झालाय, एवढंच. त्या उशिरातच सगळी मजा आहे. परतणारा तुकडा त्याच क्षणी आला असता तर नुसता आवाज वाढला असता. थोडा मागून आला म्हणून तुमच्या डोक्याभोवती खोली उभी राहिली.

स्टुडिओत हीच गोष्ट तो सावकाश, एकावर एक थर देऊन करायचा. 'गुड कंपनी' या गाण्यात जुन्या जॅझ बँडची वाद्यं ऐकू येतात, ट्रम्पेटसारखी, ट्रॉम्बोनसारखी. त्यातलं एकही वाद्य तिथे नव्हतं. सगळी रेड स्पेशल, आणि तिच्यासमोर एक चिमुकला अँप्लिफायर. तो बँडचा बासवादक जॉन डीकन यानं रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेल्या सर्किटवरून बनवला होता. या मंडळींना भंगाराचं भारी आकर्षण. ब्रायनकडे एक स्वस्त अकूस्टिक गिटारही होती, तिच्या घोडीवर खटपट करून त्यानं तारेला सतारीसारखा झंकार आणला. सतारीची जवारी काढणाऱ्या कारागिराला याचं नवल वाटणार नाही. तार आणि घोडी यांच्यात केसाएवढी जागा कमीजास्त झाली की सूर उघडतो किंवा मिटतो, हे तो पिढ्यान् पिढ्या जाणतो.

पाय वापरायचे असतील तर पुढच्या कार्डात या. १९७७, उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ, पूर्वीचं चर्च. लाकडी फळ्यांवर मूठभर माणसं पाय आपटतायत. दोनदा पाय, एकदा टाळी. हा ठेका तुम्ही ओळखता. क्रिकेटच्या मैदानावर, लग्नाच्या वरातीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात तो ऐकलाय. पण ही तर दहापंधरा माणसंही नाहीत, मग मैदान भरल्यासारखं का वाटतं? भौतिकशास्त्र शिकलेला माणूस कोपऱ्यात हिशेब करतोय. त्याच ध्वनिमुद्रणाच्या प्रती थोड्याथोड्या उशिरानं मिसळायच्या. उशीर एकसारख्या पटीत ठेवला तर कान लगेच म्हणतो, हा प्रतिध्वनी. म्हणून त्यानं ही अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली, ज्या एकमेकींना भाग देत नाहीत. मग प्रतिध्वनी ऐकू येत नाही. वेगवेगळ्या अंतरांवर उभे असलेले हजारो लोक ऐकू येतात. तुम्ही त्यांच्या मधोमध.

वडिलांची गोष्ट इथेच सांगून टाकतो. मुलाबरोबर दोन वर्षं गिटार घडवणाऱ्या हॅरॉल्डना, त्या मुलानं पीएचडी सोडून तीच गिटार घेऊन पळावं, हे अजिबात पटलं नव्हतं. बोलणंही जवळजवळ बंद झालेलं. ते कॉन्कॉर्ड विमानाच्या यंत्रणेवर काम करायचे, पण त्या विमानात कधी बसले नव्हते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुलानं आईवडिलांना कॉन्कॉर्डनं न्यूयॉर्कला नेलं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बसवलं. कार्यक्रमानंतर वडिलांनी हात पुढे केला. या दृश्याचं कार्ड मला सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही तिथे नसलेलंच बरं.

आता एक मूठभर कार्डं एकदम घ्या. बँडच्या दौऱ्यांत ब्रायनच्या गळ्यात गिटार नसायची तेव्हा दोन भिंगांचा कॅमेरा असायचा. मेकअपच्या खोल्या, विमानतळांवरचे बाक, हॉटेलांच्या खिडक्या, ड्रमच्या मागे बसलेला रॉजर टेलर. प्रेसचे फोटोग्राफर मंचाकडे बघत होते. हा मंचाच्या मागून बघत होता. हे फोटो कित्येक दशकं खोक्यांत पडून राहिले. २०१७मध्ये त्यांचं 'क्वीन इन थ्री-डी' हे पुस्तक झालं, सोबत घुबड. एखाद्या नामवंत रॉक बँडची आतून सांगितलेली गोष्ट बाजारात पुष्कळ मिळते. बँडच्या आत उभं करणारी ही एकच.

फ्रेडीचं एक कार्ड लावा. तो मंचावर नाही. कसली मुद्रा नाही, हात वर नाही. फक्त बसलाय, कॅमेरा ओळखीच्या माणसाचा आहे म्हणून सैल. तुमच्यापासून चार हातांवर. त्याच्या नाकाचं टोक गालांपेक्षा पुढे आहे, बाही मनगटापासून सुटून थोडी लोंबतेय, त्याच्या पाठीमागे खोली किती खोल आहे ते दिसतं. आता तारीख सांगतो, २४ नोव्हेंबर १९९१, आणि तिच्यावर थांबत नाही.

साध्या फोटोतला माणूस गेलेला असतो. आपण त्याला हार घालतो, उदबत्ती लावतो, कागदावर आहे हे मान्य करून टाकतो. या फोटोतल्या माणसाला जागा आहे. तो जागा अडवून बसलाय. इतकी वर्षं हे फोटो खोक्यांतच का राहिले असतील, याचा अंदाज मी माझ्यापुरता इथेच बांधला. चौकट डोळ्यांवरून खाली घ्या हवं तर. मी थांबतो.

पुढचा प्रवास लांबचा. १८५०चं दशक, इंग्लंडमधलं एक खेडं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी नुकतीच गेलीय, असा तो काळ. ज्या माणसानं लंडनमध्ये अब्रूदार स्टुडिओ काढला, त्या टी. आर. विल्यम्स यानं आपला कॅमेरा या खेड्यात आणलाय. तुम्ही चर्चच्या आवारात उभे आहात. गवतात थडगी तिरकी रुतलीत, एक पुढे, एक मागे, त्यांच्यामधून चालत जाता येईल असं वाटतं. माणसं स्तब्ध उभी आहेत, कारण तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला सेकंदांमागून सेकंद जायचे. झाडाचं ऐकत कोण? पानांचा धूर झालाय. विल्यम्सनं अशी ५९ कार्डं केली, 'आपल्या गावातली दृश्यं' अशा अर्थाचं नाव दिलं, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःच्या काही ओळी छापल्या. फक्त गावाचं नाव कुठेही लिहिलं नाही.

दीडशे वर्षांनी एक रॉक गिटारवादक ही कार्डं झपाटल्यासारखी जमवतोय. लिलावांत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, दौऱ्यावर गाव लागलं की तिथल्या भंगारवाल्याकडे. एकेक कार्ड जुळतंय, पण गाव कुठलं? २००३मध्ये त्यानं चर्चचा फोटो आपल्या चाहत्यांसमोर ठेवला आणि विचारलं, कुणी ओळखतं का? उत्तर पटकन आलं. हिंटन वॉल्ड्रिस्ट, ऑक्सफर्डशायर. तो गेला. चर्च तिथेच होतं.

त्याच्याबरोबर तुम्हीही गेलात असं समजा. हातात विल्यम्सचं कार्ड, समोर तीच कमान. तुम्ही दोन पावलं मागे सरकता, एक डावीकडे, कमानीची रेषा मागच्या मनोऱ्याला जिथे कापते तिथे जुळेपर्यंत. जुळली की तुम्ही विल्यम्सच्या तिपाईच्या जागी उभे असता. छायाचित्र-इतिहासकार एलेना व्हिदालबरोबर त्यानं या गावाचं पुस्तक २००९मध्ये काढलं. १८५४मध्ये सुरू झालेली आणि कधीच विसरली गेलेली लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी तर त्यानं पुन्हा उभी केली. तिचं जुनं घोषवाक्य होतं, स्टिरिओस्कोपशिवाय घर नसावं. क्वीनची कमाई कशात गेली असं कुणी विचारलं तर एक उत्तर हे. दुसरं उत्तर बिज्जू वाचवण्यात. पण तो वेगळा विषय.

'दियाब्लरी' नावाची फ्रेंच कार्डंही याच भंडारात आहेत. मातीचे सांगाडे, त्यांचा नरकातला संसार, आणि आडून तिसऱ्या नेपोलियनची टवाळी. उजेडाकडे धरलं की सांगाड्यांचे डोळे लाल पेटतात. लहान मुलांना रात्री दाखवू नका.

२००२च्या जूनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर तो शेकोटीची फळी घेऊन उभा राहिला, राणीच्या सुवर्णमहोत्सवाला. ते सगळ्या जगानं टीव्हीवर बघितलं, तिथे तुमची गरज नाही. त्यापेक्षा २००७मध्ये इंपीरियल कॉलेजला या. साठीचा विद्यार्थी छत्तीस वर्षांपूर्वीच्या नोंदवह्या उघडून बसलाय. मधल्या काळात राशिप्रकाशाच्या धुळीकडे फार कुणी फिरकलं नव्हतं, म्हणून तेनेरिफेची मोजमापं अजून कामाची होती. प्रबंध पुरा झाला. बापानं दोन दशकं आधी जग सोडलं होतं.

मग ही धूळ त्याच्याकडे स्वतः चालत आली. बेन्नू हा अर्धा किलोमीटर रुंदीचा, कोळशासारखा काळा लघुग्रह. नासाचं ओसायरिस-रेक्स यान तिथे पोहोचलं तेव्हा शास्त्रज्ञांना वाळूची सपाट जागा मिळेल अशी आशा होती. मिळाले दगड. घराएवढे, टेबलाएवढे, खाली सुरे लावल्यासारखे. यानाला दगडाची माती चिमटीत धरून लगेच उडायचं होतं; खाली उंचवटा किती, खळगा किती हे सपाट फोटोंत कळेना. तुम्ही आता स्क्रीनपुढे बसलात. शेजारी मे आणि त्याची सहकारी क्लॉडिया मन्झोनी, दोघं यानानं वेगवेगळ्या जागांवरून काढलेले फोटो एकमेकांशेजारी लावतायत, किंचित फिरवतायत, जुळवतायत. चौकट डोळ्यांना लावा. एका फोटोत निरुपद्रवी वाटलेली सावली आता सुळक्यासारखी तुमच्या नाकाशी येते. ही जागा नको. ती नको. ही चालेल. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात त्या जागी टेकला, आणि २०२३च्या सप्टेंबरात १२१ ग्रॅम काळी माती उटाहच्या वाळवंटात उतरली.

शेवटचं कार्ड क्रमानं शेवटचं नाही, जरा मागचं आहे. घुबडाला क्रमाशी देणंघेणं नसतं.

१ जानेवारी २०१९, अमेरिकेतलं मेरीलँड, न्यू होरायझन्स मोहिमेचं केंद्र. मध्यरात्र उलटून गेलीय, लोकांच्या डोक्यांवर अजून नववर्षाच्या टोप्या आहेत. एकाहत्तर वर्षांच्या त्या उंच माणसानं खास या रात्रीसाठी केलेलं गाणं नुकतंच ऐकवलंय. त्याचे केस आता पांढरेशुभ्र, कुरळे मात्र तसेच. पृथ्वीपासून साडेसहा अब्ज किलोमीटरवर, प्लूटोच्याही पलीकडे, ते यान अरोकोथ नावाच्या एका दगडाजवळून चाललंय. तिथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगानं आला तरी सहा तास घेतो.

पहिलं चित्र हळूहळू उलगडतं. डब्यात दोन बेसनाचे लाडू एकमेकांना चिकटावेत तसं काहीतरी, धूसर. खोलीत टाळ्या. तो टाळ्या वाजवतो आणि पुन्हा स्क्रीनकडे बघत राहतो, फेल्टमच्या त्या स्वयंपाकघरात बसल्यासारखा. एकच फोटो आहे. त्याला खोली नाही. लाडू गोल आहेत की चपटे, मधे खाच किती, पुढे कोण, मागे कोण, काही सांगता येत नाही.

तिकडे अंधारात यान सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर सरकतंय. डावा पाय, उजवा पाय. दुसरं चित्र निघालंय. चौकट डोळ्यांसमोर तशीच धरून ठेवा.